बोटं मोजणाऱ्या नसरीन बाजी

व्हिडिओ डाउनलोड करायला गेलं की पडद्यावर आकड्यांची उतरंड येते. १४४, ३६०, ४८०, ७२०, १०८०. शेजारी कधी एमपी-फोर लिहिलेलं असतं, कधी एमकेव्ही. घरी, शेजारी, माहेरी अहमदपूरला, कुणापुढेही ही उतरंड आली की फोन माझ्या हातात दिला जातो. "तुम्हाला कळतं त्यातलं," म्हणतात. मला कळतं याचं कारण एवढंच, की मी लातूरला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत लिपिक आहे आणि माझ्या टेबलासमोरच्या खोलीत नसरीन बाजी बसत.

बाजी, म्हणजे उर्दूत थोरली बहीण, गणित शिकवत आणि कॉम्प्युटरची खोली सांभाळत. त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. नऊ वर्षांच्या असताना ताप डोक्यात गेला आणि कान गेले. तोवर बोलणं तोंडात बसलेलं होतं, ते राहिलं. त्यामुळे बाजी बोलत, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्याने बोलत. माझ्या कानाशी वाकून त्या "सरांना हा शर्ट बिलकुल शोभत न्हाई" असं कुजबुजल्या, की ते सरांसकट फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही कळे.

समोरच्याचं बोलणं त्या ओठांवरून ओळखत. मुख्याध्यापक सरांच्या मिशा ओठांवर उतरलेल्या. एकदा मीटिंगमध्ये सर काहीतरी समजावत होते. बाजींनी हात वर केला आणि म्हणाल्या, "सर, तुमचं बोलणं एकशे चव्वेचाळीस येऊन राहिलंय. मिशा कापा, चारशे ऐंशी तरी होईल." सरांनी मिशा कापल्या नाहीत, पण बाजींशी बोलताना त्या दोन बोटांनी वर धरायची सवय लावून घेतली. पाहुण्यांना ते विचित्र दिसे. आम्हाला नाही.

शाळेत प्रत्येक शिक्षकाला मुलांनी दिलेली एक खूण असते, हाताने करायचं नाव. बाजींची खूण होती ओढणीच्या टोकाने काच पुसणं. कारण फोन हातात घेतला की कॅमेऱ्याची काच पुसल्याशिवाय त्या पुढचं काही करत नसत. दुसऱ्याच्या फोनचीही पुसत. सरांच्या चष्म्याचीही एकदा पुसली होती, सर तो घालून बसलेले असताना.

त्यांच्या या वेडाला कारण होतं. आपण ऐकणारी माणसं व्हिडिओ अर्धा कानांनी बघतो. चित्र धुरकट असलं तरी बोलणं कळतं, चालून जातं. आमच्या मुलांचं सगळं बोलणं बोटांत, ओठांत आणि भुवयांत असतं. दोन बोटं आहेत की तीन हे दिसलं नाही तर शब्द बदलतो, गणिताच्या तासाला तर उत्तरच बदलतं. म्हणून व्हिडिओ चांगला की वाईट हे बाजी एकाच रीतीने ठरवत. मध्येच थांबवायचा आणि बोटं मोजायची.

ही परीक्षा मी पहिल्यांदा पाहिली ती मन्मथच्या मोबाइलच्या दुकानात. शाळेचं इंटरनेट रडतखडत चालायचं, म्हणून खुणांच्या भाषेतले धडे डाउनलोड करून मेमरी कार्डात भरायचं काम आम्ही त्याच्याकडे दिलं होतं. बिल बघायला मी आणि माल बघायला बाजी.

"फुल एचडी हाय, बाजी. एक हजार ऐंशी. नावातच लिहिलंय बघा," मन्मथ म्हणाला.

बाजींनी काच पुसली, व्हिडिओ मध्येच थांबवला आणि पडदा त्याच्या नाकासमोर धरला. "बोटं किती?"

"चार."

"नीट बघ."

"पाच? च्यायला, हा हात हाय का फणी?"

"लिहायला काय जातंय रे! पोत्यावर नंबर एक छापलं की डाळ नंबर एक होती का?"

बाजींचे वडील डाळमिलमध्ये मुकादम होते, त्यामुळे त्यांचा हिशेब नेहमी डाळीवर यायचा. परतताना रिक्षात त्यांनी मला सगळं समजावलं, रिक्षावाल्यालाही आपोआप कळलं. आकडा म्हणजे पोत्याची उंची. चित्रात आडव्या रेषा किती, तेवढंच तो सांगतो. पोत्यात डाळ किती भरली हे वेगळं. फाईल किती एमबीची आणि किती मिनिटांची, हे ताडून पाहिलं की भरती कळते. एका तासाचा व्हिडिओ, नाव एक हजार ऐंशी आणि वजन मात्र चिमूटभर, तर समजायचं की पोतं मोठं आणि आत निम्मी हवा. त्यापेक्षा भरलेलं चारशे ऐंशी चांगलं. आणि मुळात लहान असलेला व्हिडिओ कुणी ताणून मोठा केला असेल तर आकडा वाढतो, बोटं वाढत नाहीत.

तरी एक गोष्ट बाजींना माहीत नव्हती आणि ती मन्मथनेच सांगितली. एका धड्यात आकडा चांगला, वजन चांगलं, थांबवलं तर बोटं पाचच्या पाच. पण चालू केलं की हात तुटक तुटक उडायचे. बाजी वैतागल्या. मन्मथ म्हणाला, "बाजी, तुम्ही रेषाच धरून बसल्यात. सेकंदाला फोटो किती हायत ते बघा. ह्यात पंधराच हायत, अन् ही बाई लई फास्ट हाय. तीस पाहिजेत."

बाजींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हे मला आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही दुसऱ्याला बोलू देता व्हय?"

बाजी मनापासून हसल्या. पुढच्या वेळी जाताना त्या मन्मथसाठी शिरखुर्म्याचा डबा घेऊन गेल्या आणि "तीस फोटोवाला" हे त्याचं नाव पडलं ते कायमचं.

सुट्टीत मुलं गावी जायची, कुणी औशाकडे, कुणी मुखेडकडे. बाजी त्यांना धडे फोनवर पाठवत. पालकांचे फोन येत, ते मी घ्यायचे आणि समोर बसलेल्या बाजींना ओठ नीट हलवून सांगायचे. मुखेडचे एक वडील म्हणाले, "मॅडम, फाईल उघडंना. काळी पाटी दिसून राहिली."

"डबा चुकला," बाजी ओरडल्या. त्या वडिलांना माझ्या मदतीशिवाय ऐकू गेलं. "एमकेव्ही गेलं वाटतं. एमपी-फोरच्या डब्यात घालून देते."

"आन् त्यात धडा तोच राहील का?"

"माल तोच हो! डबा तेवढा तुमच्या घरी उघडणारा."

काही फोनवर योग्य डबाही उघडत नसे. तेव्हा बाजी सांगत की आत चित्राची घडी नव्या पद्धतीने घातली आहे. जागा कमी लागते, पण जुन्या फोनला ती घडी मोडता येत नाही. मग जुन्या पद्धतीची घडी घालून पुन्हा पाठवायचं. कुणाच्या फोनला काय चालतं याचा तक्ता मी करून दिला होता. बाजी म्हणत, "सुरेखा, तुझा तक्ता नसता तर मी अर्ध्या मराठवाड्याला काळ्या पाट्या वाटत बसले असते."

आणखी एक शिस्त होती. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं ते व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे वाटेत दाबून बारीक होत नाही. आणि पाठवण्याआधी प्रत्येक व्हिडिओतला आवाज काढून टाकायचा. आवाजही जागा खातो. तो काढला की फाईल हलकी होते, वाचलेल्या जागेत चित्र भरून घेता येतं. "आवाज म्हणजे डाळीतले खडे," त्या म्हणत. "निवडून टाकायचे." मूळ फाईलही पुसायच्या, कारण कार्ड पुन्हा वापरायचं असे. वर्षानुवर्षं हे चाललं. एकाही मुलाने तक्रार केली नाही. कोण करणार?

एका हिवाळ्यातल्या स्नेहसंमेलनात शिवकन्या नावाची मुलगी मंचावर आली. उदगीरकडची, चौथीतली. तिचे वडील बसवराज हैदराबादच्या वाटेवर मालट्रक चालवायचे. वाचा शिकवणाऱ्या शिक्षिकेने तिच्यावर दोन वर्षं मेहनत घेतली होती. तिने मंचाच्या मधोमध उभं राहून मोठ्याने "अप्पा" म्हटलं. एकच शब्द, पण स्वच्छ. मांडवातले ऐकणारे पालक उभे राहिले. पुढच्या रांगेत अप्पा मात्र नव्हते, त्यांची गाडी कुठेतरी कर्नाटकच्या हद्दीत होती.

बाजींनी ते शाळेच्या कॅमेऱ्यावर टिपलं. उजेड चांगला, ओठ स्पष्ट, सातशे वीस, तीस फोटो. मग नेहमीप्रमाणे आवाज काढला, जुन्या घडीत घातलं, एमपी-फोरच्या डब्यात भरलं आणि बसवराजला पाठवून दिलं. नंतर कार्ड पुसलं.

बसवराज शाळेत आला तो थेट जूनमध्ये, मुलीला सोडायला. ती वसतिगृहाकडे गेल्यावर तो बाजींच्या खोलीत आला, टोपी हातात घेऊन. मी हजेरीच्या कागदांवर सही घ्यायला तिथेच उभी होते.

"मॅडम, ह्याला आवाज न्हाई," तो म्हणाला. "मला वाटलं फोनचा स्पीकर गेला. जहिराबादला नवा बसवला. तरी न्हाई."

"आवाज नसतोच," बाजी म्हणाल्या. त्यात थोडा अभिमानही होता. "मी काढते. सगळ्यांतलाच काढते. चित्र बघा की कसं हाय! ओठ दिसून राहिलेत."

"चित्र लई चांगलं हाय, मॅडम." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "तिनं मला हाक मारली म्हणं. समदे सांगतेत. म्या गाडीवर हुतो."

"मग आता ऐका की घरी."

"आता न्हाई मारत. गावात लग्न हुतं. तिथं तिनं मारली हाक, मला न्हाई, चुलत्याला. पोरं हसली तिच्या आवाजाला. नक्कल केली. तवापासनं तोंड मिटलंय. म्या घरी आलो तवर मिटलं हुतं."

बाजींनी त्याचे ओठ वाचले. नंतर माझ्याकडे पाहिलं, चुकीचं वाचलं का हे विचारायला. मी तेच पुन्हा सांगितलं. बाजी खुर्चीवर बसल्या. इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसून मी त्यांना कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "मला कसं न्हाई सुचलं?" एवढंच म्हणाल्या. मग बसवराजला म्हणाल्या, "आठ दिवस द्या."

पहिल्यांदा आम्ही मन्मथकडे गेलो. त्याने कार्ड मशीनला लावून पाहिलं आणि मान हलवली. पुसलेलं कधी कधी परत मिळतं, पण त्या जागेवर नवं भरलं गेलं असेल तर नाही. आणि बाजींच्या कार्डावर तेव्हापासून धडेच धडे भरले गेले होते. "तुम्हीच भरलंय, बाजी," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तरी बाजींना लागलं.

मग विचारणा सुरू झाली. पालकांना फोन, शिक्षकांना निरोप. मांडवात फोन वर धरणारे बरेच होते, पण प्रत्येकाने आपापल्या मुलाचा नाच घेतला होता. शेवटी मुलांनीच हाताने सांगितलं, स्वयंपाकघर. आमच्या स्वयंपाकीण कौसाबाई मावशी. शिवकन्या त्यांच्या चुलीपाशी बसून भाकरी खायची, तिच्यावर मावशींचा जीव. त्यांनी आपल्या बटणाच्या फोनवर घेतलं होतं.

"मावशी, आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही मला इचारलं का? तुम्हाला माझा फोन डबडं वाटतोय."

बाजींनी ती फाईल कॉम्प्युटरवर लावली. थ्रीजीपी म्हणजे जुन्या फोनचा डबा, एकशे चव्वेचाळीस, सेकंदाला पंधरा फोटो. शाळेत त्यांनी ज्या ज्या गोष्टींना नाकं मुरडली होती त्या सगळ्या एका फाईलमध्ये. पडद्यावर तांबडे-पिवळे चौकोन हलत होते. "ही पोरगी हाय का पोतं?" बाजी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आवाज?"

आवाज होता. मांडवाची कुजबुज, खुर्च्या सरकल्याचं, आणि मग "अप्पा." थोडं ताणलेलं, पण स्वच्छ. लगेच मागून मावशींचं ओरडणं, "अगं बया, बोलली की गं!"

मी हे सगळं बाजींना सांगितलं. त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला आणि पुन्हा लावायला सांगितलं. "हे जे जोरात लागलं ते अप्पा का?"

"नाही, त्या मावशी."

बाजींनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी पदर तोंडावर घेतला.

मग बाजींना एकदम सुचलं. पाठवलेल्या फाईलची प्रत कॉम्प्युटरवर होती, म्हणजे चित्र आपल्याकडे आहे, आवाज मावशींकडे आहे. डबा तर एकच लागतो, त्यात दोन्ही घालता येतात. मावशींच्या फाईलमधला आवाज वेगळा काढून आपल्या सातशे वीसच्या चित्राखाली बसवायचा. पण बसवायचा कुठे? दोन्ही फोन एकाच क्षणी सुरू झालेले नव्हते. आवाज ओठांच्या आधी आला किंवा मागे पडला तर परक्याची हाक वाटेल.

मी म्हटलं, "मी ऐकून सांगते."

"तुला ओठ कुठं वाचता येतात?" बाजी म्हणाल्या. "तू ऐक. मी बघते."

आम्ही शेजारी शेजारी बसलो. हाक ऐकू आली की मी बोट वर करायचं. पडद्यावर "प्पा" साठी ओठ मिटून उघडले की बाजी टेबलावर थाप मारायच्या. बोट आणि थाप एकत्र येईपर्यंत आवाजाची पट्टी पुढे-मागे सरकवायची. पहिल्यांदा माझं बोट फार लवकर आलं. नंतर थाप आधी पडली. बाजी चिडल्या, "तू झोपून राहिली का?" मी म्हटलं, "तुम्ही ओरडता, मला हाक ऐकू येत नाही." त्यांनी ओढणी तोंडावर दाबून धरली. दुपारची जेवणाची वेळ झाली, मुलं ताटं घेऊन गेली, आणि मग एकदा बोट आणि थाप एकाच वेळी आली. खात्रीसाठी पुन्हा केलं. पुन्हा जुळलं.

फाईल लगेच पाठवली नाही. बाजी वसतिगृहात गेल्या आणि शिवकन्येला पडद्यावरचं चित्र दाखवून हाताने विचारलं, हा तुझा आवाज आहे, अप्पांना देऊ का? मुलीने पडद्यावरचे आपले ओठ पुन्हा एकदा पाहिले. मग हात हलवले. बाजींनी ते मला उलगडून सांगितलं: अप्पांना. दुसऱ्या कुणाला नाही. पुन्हा बोल असं सांगायचं नाही.

बसवराज आठवड्याने आला, गाडी रस्त्याकडेला लावून. बाजींनी फाईल त्याच्या फोनमध्ये घातली, आवाज कौसाबाईंच्या फोनमधला असल्याचं सांगितलं आणि मुलीच्या दोन्ही अटी खणखणीत आवाजात ऐकवल्या. "पुढं कुणाला पाठवायचं न्हाई. व्हिडिओ तुमचा, आवाज तिचा. कबूल?"

"हाव, मॅडम."

त्याने लावलं आणि फोन सरळ कानाला धरला, कुणाचा फोन आल्यासारखा. चित्राकडे पाहिलंच नाही. संपलं की पुन्हा लावायचा, पुन्हा कानाला.

"अहो, बघा तरी!" बाजी म्हणाल्या. "सातशे वीस हाय!"

त्याने ऐकलं नाही. डोळे मिटलेले होते. बाजी मला म्हणाल्या, "जुळलं का न्हाई ते तरी विचार त्याला." मी विचारलं नाही. थोड्या वेळाने बाजींनीही विचार म्हणणं सोडलं. त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग बसवराजने फोन खिशात घातला, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "म्होरं कौसाबाई का वरडल्या?"

"आनंदानं," मी म्हटलं.

"ते ऱ्हाऊ द्या तसंच," तो म्हणाला आणि गाडीकडे गेला.

शिवकन्या आता आठवीत आहे. ती आवाजाने बोलत नाही. हातांनी मात्र इतकी बोलते की तासाला गप्प बसवावं लागतं.

बाजी त्या प्रसंगाच्या पुढच्याच वर्षी निवृत्त झाल्या आणि नांदेडला बहिणीकडे गेल्या. निरोप समारंभात हार, नारळ, भाषणं सगळं झालं. सरांनी मिशा वर धरून भाषण केलं. पण मला त्या आठवतात त्या समारंभाच्या आदल्या दुपारच्या. कॉम्प्युटरच्या खोलीचा ताबा घ्यायला मी गेले, तर बाजी जुन्या फाईलींपुढे बसलेल्या. आवाज काढायच्या राहून गेलेल्या, कुणाकुणाच्या फोनवरून आलेल्या. मला शेजारी खुर्ची दिली.

"ह्यात आवाज हाय का?"

"आहे. पंखा फिरतोय."

"काढू?"

"काढा."

"ह्यात?"

तो अपूर्णांकांचा धडा होता. पडद्यावर बाजी भाकरीचे चतकोर करून दाखवत होत्या, चेहरा शांत. मागे, खिडकीपलीकडून, कौसाबाई मावशी भाजीवाल्याशी भांडत होत्या. वांगी किडकी निघाली होती. मी सांगू लागले. मावशी म्हणतात, ही वांगी तुझ्या सासऱ्याला घाल. तो म्हणतो, सासऱ्याला दात नाहीत. मावशी म्हणतात, मग त्याला कीड तरी चावता येईल का?

बाजी हसायच्या थांबेनात. "माझ्या पाठीमागं एवढं चालू होतं, आन् मी तिकडं पाव आणि अर्धा करून राहिले होते!"

"काढू का हा?" मी विचारलं. हात माऊसवर होता.

"न्हाई. थांब." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. आता त्या पडद्याकडे बघतही नव्हत्या, माझ्या ओठांकडे बघत होत्या. "मग तो काय म्हणाला?"